वांगणीच्या माळावर एक रात्र

विक्रोळीच्या आमच्या वसाहतीत आकाश म्हणजे दोन इमारतींच्या मधली पट्टी. थंडीच्या दिवसांत रात्री गच्चीवर गेलो तर दहा-बारा चांदण्या मोजता येतात, आणि त्यांतली एखादी सरकू लागली की ते विमान होते असे कळते. आमची मुले शाळेच्या पुस्तकातले सप्तर्षी पाठ करतात, चित्र काढून दहापैकी दहा गुण मिळवतात. पण सप्तर्षी आकाशात कुठे असतात असे विचारले की गप्प बसतात. त्यांचा काय दोष? दाखवायला आम्हालाही येत नव्हते.

आमच्या भागात हौशी लोकांचे एक छोटे खगोल मंडळ आहे. एक निवृत्त विज्ञान शिक्षक, बँकेत काम करणारे एक गृहस्थ, दोन इंजिनियर तरुण आणि कॉलेजात शिकणाऱ्या तीन-चार मुली, एवढेच त्यांचे कार्यकर्ते. नोकरी आणि शिक्षण सांभाळून ही मंडळी शनिवार-रविवारी शाळांत, मैदानांत, वाचनालयांत जातात आणि लोकांना आकाश दाखवतात. डिसेंबर २०२४ मध्ये ते आमच्या विहारात आले. पडद्यावर चित्रे दाखवून गुरुजींनी तास-दीड तास उत्तम माहिती सांगितली. शेवटी नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, हे सगळं पडद्यावर झालं. खरं कधी दाखवणार?"

गुरुजी हसले. म्हणाले, "२५ जानेवारीला शनिवार आहे. अमावास्या जवळ आली असेल, रात्री चंद्राचा उजेड नाही. वांगणीला चला."

सांगणे सोपे होते. विहार समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न निघाला तो मुलींचा. रात्रभर उघड्या माळावर मुली कशा पाठवायच्या? कोणी सुचवले, यंदा मुलग्यांना नेऊ, मुलींचे पुढल्या वर्षी पाहू. म्हणजे जिने प्रश्न विचारला ती घरी, आणि ज्यांनी व्याख्यानात डुलक्या काढल्या ते वांगणीला! शेवटी महिला मंडळाने निकाल दिला. मुली जाणार, आणि त्यांच्या आयाही जाणार. आयांबरोबर आज्या निघाल्या, आज्यांना सांभाळायला दोन-चार पुरुष निघाले आणि अडतीस माणसांची यादी झाली. यादीत शेवटचे नाव आक्कांचे. आक्का अडुसष्ट वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "मला दुर्बिणीतलं काही कळत नाही. पण एक विचारायचंय, ते तिथं विचारीन." काय विचारायचे ते त्यांनी सांगितले नाही.

शनिवारी दुपारी चारला आम्ही निघालो. ठाण्याला कर्जत गाडी धरली. बायकांनी भाकरी, झुणका, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. शिवाय सतरंज्या, घोंगड्या, कानटोप्या. इतके सामान पाहून लोकांना वाटले असावे की ही मंडळी गावच सोडून चालली. कल्याण मागे पडले, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर झाले आणि डबा थोडा मोकळा झाला. आमच्या समोर एक अंध फेरीवाले दादा बसले होते. दिवसभर गाडीत किल्ल्यांच्या साखळ्या आणि फण्या विकून ते घरी परतत होते. मुलांची बडबड ऐकून त्यांनी विचारले, "चांदण्या बघायला चाललात का? मग कान बांधून घ्या. माळावर वारा फार असतो."

वांगणीत अंध कुटुंबे बरीच राहतात. मुंबईत जागा परवडत नाही, म्हणून रेल्वेच्या या टोकाला त्यांनी संसार मांडले आहेत. रोज लोकल गाडीने जायचे आणि तिच्याच आधाराने पोट भरायचे. याच स्टेशनात १७ एप्रिल २०२१ रोजी एका अंध मातेचे मूल फलाटावरून रुळांत पडले आणि समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवले. मिळालेल्या बक्षिसातली अर्धी रक्कमही त्यांनी त्या मुलासाठी दिली. फलाटावर उतरताच आम्ही मुलांना ही हकिकत सांगितली. दादा तोवर काठी टेकत, सवयीच्या वाटेने गर्दीतून निघूनही गेले होते.

आकाश पाहणाऱ्यांना मात्र वांगणी ओळखीची आहे ती वेगळ्या कारणाने. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ ही संस्था उभी राहिली. तिच्या रात्रभर चालणाऱ्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांनी वांगणीचे नाव सर्वत्र केले. मुंबईचे किती तरी डॉक्टर, कामगार, विद्यार्थी, गृहिणी यांनी पहिली खरी अंधारी रात्र इथेच पाहिली. पुण्यात तर ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हे काम करीत आहे. हौशी लोकांची अशी इतकी जुनी संस्था भारतात दुसरी नाही. या लोकांना यातून पगार मिळत नाही. स्वतःच्या पैशांनी दुर्बिणी करायच्या, खांद्यावरून वाहायच्या, आणि रात्रभर जागून दुसऱ्याच्या डोळ्याला भिंगाजवळ जागा करून द्यायची, असा हा छंद.

स्टेशनपासून अर्धा तास चालून आम्ही एका शेताच्या बांधावर पोहोचलो. भात कापून झाला होता, खाचरे कोरडी पडली होती. पश्चिमेला चंदेरीचा डोंगर काळा होत चालला होता. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तीन दुर्बिणी मांडल्या. त्यांतली मोठी, आठ इंची आरशाची, मंडळींनी घरीच केलेली. आमच्यात गिरणीत फिटर असलेले एक काका होते. त्यांनी दुर्बिणीला हात लावून पाहिला आणि आरसा कसा घासला ते बारकाईने विचारून घेतले. काचेवर काच ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे, आणि आठवडेच्या आठवडे हाताने घासत राहायचे. काका म्हणाले, "म्हणजे हे आपलंच काम की! कारागिराचं." त्या क्षणापासून काका दुर्बिणीजवळून हलले नाहीत.

सूर्य मावळला आणि पश्चिमेला शुक्र झळकला. रांग लागली. नियम एकच होता, आधी मुले, मग आज्या, मग बाकीचे. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, याखेरीज कोणी कोणाला काही विचारीत नव्हते. पहिल्याच मुलीने डोळा लावला आणि ओरडली, "अर्धाच आहे!" खरोखरच शुक्र अष्टमीच्या चंद्रासारखा दिसत होता. गुरुजींनी सांगितले की शुक्र सूर्याभोवती फिरतो म्हणून त्याच्या अशा कला दिसतात. १६१० साली गॅलिलिओने त्या पाहिल्या आणि पृथ्वीभोवतीच सारे फिरते या समजुतीला मोठा धक्का बसला.

शुक्राच्या थोडा खाली शनी होता. मुलांना पुस्तकातली मोठी कडी पाहायची होती. दिसली ती चेंडूतून आरपार गेलेल्या सुईसारखी एक रेघ. मुले हिरमुसली. तेव्हा कार्यकर्त्या ताईंनी समजावले की साधारण पंधरा वर्षांतून एकदा शनीची कडी आपल्याला काठावरून दिसते आणि मार्च २०२५ मध्ये तसे होणार होते. तेवढ्यात मागून एका वहिनींनी हळूच विचारले, "हाच का तो साडेसातीवाला?" सगळे हसले, पण ताईंनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. आकाशाचे बारा भाग केले तर एका भागात तो सुमारे अडीच वर्षे दिसतो, तीन भागांत साडेसात. साडेसाती म्हणजे एवढाच हिशेब. वहिनी म्हणाल्या, "आणि एवढ्या हिशेबासाठी आमच्या शेजारणीनं हजारो रुपयांची शांत केली!"

साडेआठला गुरूची पाळी आली. तो रोहिणीजवळ, डोक्यावर होता. त्याच्या दोन्ही बाजूंना चार बारीक ठिपके एका ओळीत दिसले, ते त्याचे चंद्र. ज्या मुलीमुळे हा प्रवास घडला तिने वहीत गोल काढला आणि चार ठिपके जागच्या जागी मांडून वेळ लिहिली. रात्री अकराला ती पुन्हा रांगेत उभी राहिली आणि दुसरे चित्र काढले. ठिपक्यांच्या जागा बदलल्या होत्या. "गुरुजी, हे खरंच फिरतात!" ती म्हणाली. पुस्तकात तिने हे शंभरदा वाचले असेल. पण आज तिच्याजवळ तिचा स्वतःचा पुरावा होता, दोन चित्रे आणि दोन वेळा.

भाकरी खाऊन झाल्यावर दिवे विझवले आणि सतरंज्यांवर सगळे आडवे झालो. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तोवर मोबाईल कोणी उघडायचा नाही अशी ताकीद होती. हळूहळू आकाश भरत गेले. उत्तरेला बदलापूरच्या दिव्यांचा पिवळट उजेड होता, पण बाकी सर्वत्र चांदण्यांची दाटी. ताईंच्या हातातल्या लेझरची हिरवी रेघ वर गेली आणि कृत्तिकांचा पुंजका, तांबूस रोहिणी, मृगाचे चार पाय, झगझगीत व्याध, दक्षिणेला अगस्त्य असे एकेक जण ओळख देऊ लागले.

मृगाच्या मध्यावरचे तीन तारे दाखवले तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजी एकदम बोलल्या, "हे तर तिकांडं! आणि ते तिकडं उगवतंय ते म्हातारीची बाज. तिचे पाय चोरायला आलेत ते तीन चोर." ईशान्येला सप्तर्षी वर येत होते. आजी माण तालुक्यातल्या. त्यांचे वडील गावचे येसकर. रात्री वेशीवर राखण करायची, तर घरात घड्याळ कुठले? तिकांडे कुठे आले, बाज कुठे कलली, यावरून रात्र किती उरली ते वडील सांगत. थंडीत तिकांडे मावळतीला गेले की आई जात्यावर बसे. आजी बोलत राहिल्या आणि मंडळाचे कार्यकर्ते वह्या काढून लिहून घेऊ लागले. आम्हाला तेव्हा मोठी गंमत वाटली, आणि थोडी शरमही. ज्यांना पोथी वाचू दिली नाही त्यांनी आकाश वाचून ठेवले होते. महार वतने १९५९ साली गेली, ते चांगलेच झाले. त्या राबणुकीचे दुःख कोणाला आठवायचे आहे? पण त्या रात्रींत मिळवलेले हे ज्ञान आमच्याच घरात होते आणि आम्ही आजीला कधी विचारले नव्हते.

दहाच्या सुमारास गुरुजींनी ग्रहण कसे लागते ते दाखवायला घेतले. पृथ्वी म्हणून फुटबॉल, चंद्र म्हणून टेनिसचा चेंडू. "आता सांगा, चंद्र किती लांब ठेवू?" मुलांनी वीतभर, हातभर असे अंदाज केले. गुरुजी आठ-नऊ पावले चालत गेले आणि तिथे थांबले. या मापाने सूर्य आठ मजली इमारतीएवढा, आणि तो अडीच किलोमीटरवर! सूर्याऐवजी लांब बांधावर एक दिवा ठेवला. टेनिसच्या चेंडूची सावली फुटबॉलवर पडली की सूर्यग्रहण, फुटबॉलच्या सावलीत चेंडू शिरला की चंद्रग्रहण. चंद्राची वाट पाच अंशांनी तिरकी आहे, म्हणून दर अमावास्या-पौर्णिमेला हे घडत नाही. ती वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते त्या दोन बिंदूंना राहू आणि केतू ही नावे. बिंदूला तोंड नाही आणि पोटही नाही, तो गिळणार कसा? ग्रहण सावलीमुळे लागते हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. पंधराशे वर्षे होऊन गेली.

"कोणाला काही विचारायचे आहे का?" गुरुजी म्हणाले. अंधारातून आक्कांचा आवाज आला.

"गुरुजी, त्या सावलीनं पोटातल्या बाळाचा ओठ फाटतो का?"

सगळे गप्प झाले. आमच्यातल्या जुन्या माणसांना प्रश्न कळला होता. १६ फेब्रुवारी १९८० रोजी, शनिवारी दुपारी, सूर्यग्रहण लागले होते. खग्रास स्थितीचा पट्टा कर्नाटकात अंकोल्यापासून रायचूरवरून ओरिसात कोणार्कपर्यंत गेला. मुंबईत ते खंडग्रासच होते. तरी त्या दुपारी मुंबईचे रस्ते ओस पडले. आक्का तेव्हा गरोदर होत्या. यजमान पहिल्या पाळीहून भुकेले घरी येणार म्हणून त्यांनी विळीवर दोन कांदे चिरले. जूनमध्ये मुलगा झाला, त्याचा वरचा ओठ फाटलेला होता. पुढे इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, ओठ जुळला, मुलगा शिकला, आज नोकरी करतो, त्याला मुलेबाळे आहेत. पण ते दोन कांदे काही आक्कांची पाठ सोडीनात. सासरी, शेजारी, लग्नाकार्यात, कोणी ना कोणी बोलून जाई.

वाचकहो, बोलणारे परके नव्हते, आपलेच होते. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याला तेव्हा तेवीस वर्षे होऊन गेली होती. घरातले देव आपण काढले, पण ग्रहणाची भीती माळ्यावर तशीच राहिली. आम्हीही त्या बोलण्यात कधी हसलो असू, कधी मान हलवली असेल. ते आज लिहिताना लाज वाटते.

गुरुजी म्हणाले, "आक्का, सावली म्हणजे उजेड कमी होणे, एवढेच. ढग आला म्हणजे होते तेच." पण खरे उत्तर दिले ते आमच्याच वसाहतीतल्या एका मुलीने. ती परिचारिका आहे. ती उठून आक्कांजवळ जाऊन बसली.

"आक्का, ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता?"

"पाचवा सरत आला होता."

"बाळाचा वरचा ओठ जुळतो तो दुसरा महिना संपायच्या आत. जुळायचा राहिला तर तेव्हाच राहतो. तुम्ही विळी हातात घेतली तेव्हा त्या गोष्टीला तीन महिने होऊन गेले होते."

आक्का काही बोलल्या नाहीत. मग तिने सांगितले की याला आनुवंशिकतेसह अनेक कारणे मिळून असतात, बहुतेक वेळा एकच एक कारण दाखवता येत नाही, पण कांदा, विळी आणि सावली यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आक्कांनी बोटांवर महिने मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं झाली. एवढा हिशेब कुणी केला नाही ग." त्या मुलीने त्यांच्या अंगावर घोंगडी घातली. आम्ही बाकीचे आकाशाकडे पाहत राहिलो, कारण एकमेकांकडे पाहवत नव्हते.

मध्यरात्री चहाचा टोप चुलीवर चढला. मंगळ माथ्यावर आला होता, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, निखाऱ्यासारखा. त्या महिन्यात तो पृथ्वीच्या जवळ होता, म्हणजे तरी सुमारे साडेनऊ-दहा कोटी किलोमीटर. प्रकाशालाही तिथून यायला साडेपाच मिनिटे लागत होती. दुर्बिणीतून तांबूस टिकली दिसली. लग्नाच्या वयाच्या दोन मुली डोळा लावून बराच वेळ पाहत होत्या. एकीला पाहायला आलेल्यांनी "मुलीला मंगळ आहे का?" असे आडून विचारले होते. आमच्या समाजातही हे शिरले आहे, ते लपवून काय उपयोग?

त्यावरून बँकेतल्या गृहस्थांनी एका प्रयोगाची माहिती दिली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने, फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या मांडल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि विचारले, यांतले हुशार कोण ते ओळखा. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी शेकडा ४६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी शेकडा ५० च्या आसपास आली असती! आज हे दोघेही आपल्यात नाहीत. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या प्रयोगाचा आकडा मात्र कोणालाही तपासता येतो.

पूर्वेकडून मघा नक्षत्राचा ठळक तारा वर आला होता. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे एकोणऐंशी वर्षे लागतात. वहीवाल्या मुलीने लगेच वजाबाकी केली. १९४६! संविधान सभा पहिल्यांदा भरली त्या सुमारास निघालेला प्रकाश आज वांगणीच्या माळावर आमच्या डोळ्यांत शिरत होता. कोणी तरी आठवण करून दिली की रात्रीचे बारा वाजून गेले आहेत, म्हणजे २६ जानेवारी लागली आहे.

पहाटे वारा खरोखरच झोंबू लागला. ते अंध दादा म्हणाले होते तेच खरे, कान बांधले नसते तर धडगत नव्हती. निम्मी मुले घोंगड्यांत झोपली होती. तिकांडे पश्चिमेला टेकले, पूर्वेला वृश्चिक उगवला आणि साडेचारनंतर त्याच्याखाली चंद्राची बारीक कोर वर आली. आक्का जाग्याच होत्या. त्या दुर्बिणीपाशी गेल्या, कोर पाहिली, तिच्यावरचे खड्डे पाहिले. "खडबडीत आहे, आपल्या गावच्या माळासारखी," एवढेच म्हणाल्या.

सकाळी वांगणीहून परतताना वाटेत शाळांच्या मैदानांवर झेंडावंदनाची तयारी दिसत होती. वसाहतीत पोहोचेपर्यंत आमचे झेंडावंदन होऊन गेले होते. तरी मुलांनी आंघोळ न करताच संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन केले. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. १९७६ साली ती घातली गेली. वैज्ञानिक दृष्टी वाढवणे आणि शोधक बुद्धी जोपासणे हे त्यांतलेच एक. हे कर्तव्य आम्ही दरवर्षी वाचतो. रात्रभर जागून ते बजावले मात्र पहिल्यांदाच.

यापुढची हकिकत वांगणीची नाही, आमच्या विहाराच्या गच्चीवरची आहे. पण तिचे मूळ त्या माळावर आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी भाद्रपद पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होते. वर्षावासाचे ग्रंथवाचन संपवून आम्ही मंडळाच्या एका दुर्बिणीसह गच्चीवर जमलो. पावसाळी ढग ये-जा करीत होते. रात्री दहाच्या सुमारास चंद्राला काळी कड लागली, अकराला तो पुरता पृथ्वीच्या सावलीत गेला आणि तांब्याच्या परातीसारखा दिसू लागला. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला लाल उजेड त्याच्यावर पडतो, हे आता आमची मुले इतरांना सांगत होती.

आक्कांची नात, मुलीची मुलगी, गरोदर आहे. ती माहेरी आली होती. सासरहून फोन आला, ग्रहणात बाहेर पडू नको, काही चिरू नको, काही खाऊ नको. नात घाबरून खोलीत बसली. आक्का खाली गेल्या, तिला हात धरून वर घेऊन आल्या. तिला खुर्चीवर बसवले. मग पिशवीतून पेरू आणि सुरी काढली, सगळ्यांच्या देखत चार फोडी केल्या आणि पहिली फोड नातीच्या हातात दिली. दुसरी स्वतः खाल्ली. म्हणाल्या, "बघ वर. सावली आहे."

बाळ अमुक तमुक झाले, असे सांगून आम्ही या हकिकतीचा शेवट करणार नाही. एक बाळ धडधाकट जन्मले म्हणून ग्रहण सुटत नाही, आणि एक ओठ फाटका निघाला म्हणून ते गुन्हेगार ठरत नाही. बाळाच्या प्रकृतीचा प्रश्न दवाखान्याचा आहे. नातीने वेळेवर तपासण्या केल्या आहेत, लोहाच्या गोळ्या घेते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

प्रत्येक विहाराने आणि महिला मंडळाने वर्षातून एक तरी रात्र अशी काढावी, असे आम्हाला मनापासून वाटते. खर्च फार नाही. अमावास्येच्या जवळचा शनिवार, ऑक्टोबर ते मे यांतला एखादा महिना, दिव्यांपासून लांब एखादे शेत आणि जवळच्या खगोल मंडळाला एक पत्र. मोठी दुर्बीण नसली तर दोन डोळ्यांची साधी दुर्बीणही चालते, गुरूचे चंद्र तिच्यातूनही दिसतात. मुलींची नावे यादीत आधी लिहावीत. आज्यांना अवश्य न्यावे आणि त्यांना बोलू द्यावे. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. दिवस पावसाळ्याचे आहेत, पण ढगांनी वाट दिली तर ते जरूर पाहावे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी कधीही पाहू नये, ग्रहण असो वा नसो, त्याने डोळा जातो. ग्रहणासाठी केलेला खात्रीचा चष्मा लावावा. एवढी एकच भीती खरी आहे, बाकीची माळ्यावरून खाली काढून टाकावी.

वहीवाल्या मुलीने आपली दोन चित्रे विहाराच्या फळ्यावर चिकटवली आहेत. खाली लिहिले आहे, "रात्री ८.३०" आणि "रात्री ११.००". येता-जाता लोक ती पाहतात आणि विचारतात, हे काय आहे? मग ती सांगते.